कॅमेरा व्हरांड्यात ठेवा

(रत्नागिरीत तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय, थोडं झाडूनपुसून.)



जगभरच्या शाळांवर निघालेल्या माहितीपटांबद्दल बोल, असं मला सांगितलं. मला, म्हणजे मॅट्रिक होऊन बंदरावर गोणी उचलणाऱ्या माणसाला. मी म्हटलं, एखादा प्राध्यापक बघा की. तर आपले संयोजक म्हणाले, प्राध्यापक शाळेच्या आतला माणूस, तू बाहेर पडलेला. बाहेरून शाळा कशी दिसते ते सांग. म्हणून उभा आहे. घाबरू नका, कविता म्हणणार नाही.

हे पिक्चर बघितले कधी? पावसात. पावसाळ्यात बंदर थंड पडतं. टोळीला चार चार दिवस काम नसतं, मुकादम तोंड लपवतो, खिशात वाजायला काही नसतं. अशा दिवसांत आम्ही विहारात पांढरी चादर ताणली. एकानं प्रोजेक्टर उसना आणला, दुसऱ्यानं पेनड्राइव्ह. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, अर्धी ओळ वाचेस्तोवर बाकीची गेलेली असायची. मग कॉलेजात जाणारी एक पोरगी भिंतीला टेकून मोठ्यानं मराठीत सांगत सुटायची. भाकऱ्या थापून झाल्या की आमची आईपण येऊन बसायची. तिनं एक प्रश्न विचारला, तो पुढं सांगतो. या सगळ्या भाषणात शहाणपणाचं तेवढंच आहे.

आधी माझी एक गोष्ट ऐका. मी सातवीत असताना आमच्या शाळेवर फिल्म काढायला माणसं आली. शाळेचं नाव सांगत नाही, अशा शाळा खंडीभर आहेत. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले, तू अंगानं दणकट, बाकं उचल. मी आणि आमच्याच वाडीतला एक, दोघांनी मिळून वर्गातली बाकं मैदानात मांडली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यातली पोरं पुढं बसवली. आम्हा दोघांच्या हातात थर्माकोलची मोठी पांढरी शीटं दिली. सांगितलं, ऊन याच्यावर घ्या आणि त्यांच्या तोंडावर पाडा. तास-दीड तास आम्ही तसेच उभे. हात भरून आले. नंतर ती फिल्म सगळ्या शाळेला दाखवली. सगळ्यांचे चेहरे काय उजळले होते! आम्ही दोघं कुठंच नव्हतो. उजेड तेवढा आमचा होता.

तेव्हापासून कुठलीही फिल्म लागली की मी आधी विचारतो, कॅमेरा कुठं ठेवलाय? त्याच्या पुढं कोण बसलंय आणि मागं कोण उभं आहे? आज मी दुसरं काही सांगणार नाही. हाच प्रश्न घेऊन पाच-सहा फिल्मांवरून फिरणार आहे.

आपल्या आज्यांच्या पिढीला माहितीपट म्हणजे थेटरात मेन पिक्चरच्या आधी लागणारं सरकारी रीळ. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघाली. तिच्या फिती देशभरच्या थेटरांना लावाव्याच लागायच्या. लोक तेवढ्यात बिडी ओढून यायचे. २०२२ साली हे खातं एनएफडीसीत विलीन झालं. सरकारचा कॅमेरा सरकारच्या खांद्यावर, त्याला जे दाखवायचं तेच दिसणार. त्यात नवल नाही. पण जे कॅमेरे सरकारचे नव्हते, चांगल्या मनाच्या माणसांचे होते, ते कुठं उभे राहिले? ते बघू.

पहिला फ्रान्सचा. निकोला फिलिबेरची २००२ सालची फिल्म, ‘एत्र ए अव्वार’. तिथली पोरं आधी घोकतात ती दोन क्रियापदं, असणं आणि जवळ असणं. डोंगराळ मुलूख, एक खोली, डझनभर पोरं, एकच मास्तर. सगळ्यात धाकटं चार वर्षांचं, मोठी पोरं पुढच्या शाळेला जायच्या तयारीत. कॅमेरा वर्गात, पोरांच्या उंचीला ठेवलेला. एक पोरगं शाईनं माखलेले हात धुतंय तर धुतंय, कुणाला घाई नाही. मास्तर आवाज चढवत नाही. फ्रान्सात लाखो लोकांनी तिकीट काढून ही फिल्म बघितली. खरं सांगतो, मलापण आवडली. मधेच घसा दाटून आला. माझ्याशी कुणी मास्तर एवढं सावकाश कधी बोललाच नव्हता.

पण चादर खाली काढताना डोक्यात किडा वळवळला. अहो, एक खोली, एक मास्तर, डझनभर पोरं, ही तर आपल्या कोकणातल्या वाडीवाडीवरची शाळा! तिकडं तिच्यावर पिक्चर निघतो, इकडं तिच्यावर परिपत्रक निघतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. राज्यात अशा चौदा हजारांहून जास्त शाळा निघाल्या. त्यांचं काय करायचं, तर म्हणे ‘समूह शाळा’. म्हणजे लहान शाळा मिटवायच्या आणि पोरं एका मोठ्या शाळेत गोळा करायची. कागदावर झकास दिसतं. कागदावर डोंगर नसतो, पऱ्या नसतो, साकव वाहून गेलेला नसतो.

या फिल्मची एक शेपूट राहिली. फिल्म तुफान चालली तेव्हा त्या मास्तरनं कोर्टात दावा लावला. माझा चेहरा, माझे धडे, मग कमाईतला वाटा मला का नाही? दावा फेटाळला गेला. मास्तर बरोबर की चूक, त्यावर भांडा नंतर. पण हा प्रश्न गाठीला बांधा. चेहरा एकाचा आणि फिल्म दुसऱ्याची, हा सौदा कोण ठरवतो?

दुसरी अमेरिकेची. फ्रेडरिक वाइझमनची ‘हायस्कूल’, १९६८ सालची. फिलाडेल्फियातली एक नावाजलेली शाळा. पाठीमागून कुणी काही समजावून सांगत नाही. नुसती शाळा चालू आहे. एक पोरगा म्हणतो, माझी चूक नव्हती. त्याला शिकवलं जातं की चूक असो-नसो, शिक्षा घे, त्यानं माणूस घडतो. शेवटी मुख्याध्यापिका एक पत्र वाचून दाखवते. जुन्या विद्यार्थ्याचं पत्र, व्हिएतनामच्या लढाईतून आलेलं. तो स्वतःला म्हणवतो, काम करणारं एक शरीर. आणि बाईंना वाटतं, असं पत्र येतंय म्हणजे आपली शाळा भले फळाला आली!

विहारात शांतता झाली तेव्हा. मला माझे मास्तर आठवले. तू अंगानं दणकट, बाकं उचल. तिथल्या शाळेनं गोऱ्या कारकुनांच्या पोरांचं शरीर केलं आणि लढाईवर धाडलं. आपल्याला शरीर करायला शाळा लागलीच नाही. आपण जन्मानंच शरीर होतो, शाळेनं फक्त सही-शिक्का मारला. आज बंदरावर मुकादम हजेरी घेतो तेव्हा विचारतो, किती अंग आलीत? मी त्याच्यावर चिडत नाही. त्याच्या आधी हे मास्तरांनी मोजलेलं आहे.

तिसरी, रस्त्यावरची. ‘शाळेच्या वाटेवर’ म्हणा. पास्काल प्लिसॉन या फ्रेंच दिग्दर्शकाची, २०१३ सालची. फ्रान्सचा मोठा सेझार पुरस्कार मिळाला तिला. चार देशांतली पोरं शाळेला निघालीत. केनियातला एक धाकट्या बहिणीला घेऊन हत्तींच्या रानातून १५ किलोमीटर चालतो. अर्जेंटिनातला घोड्यावरून येतो. आपल्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचा एक पांगळा पोरगा, त्याचे दोन भाऊ त्याची मोडकी चाकाची खुर्ची वाळूतून ढकलत नेतात. आणि मोरोक्कोच्या डोंगरातली एक पोर, दर सोमवारी मैत्रिणींबरोबर २२ किलोमीटर तुडवत निवासी शाळेत पोचते. डोंगर सुंदर, सूर्य सुंदर, संगीत तर काय विचारता! बघणारा म्हणतो, वा, काय जिद्द!

तेवढ्यात आमची आई म्हणाली, ‘‘ती पोर चालते ता बगितला रं. पन तिच्या गावात शाला कोनी न्हाय बांधली, त्याचा पिक्चर कुटं हाय?’’

मित्रांनो, हाच तो प्रश्न. आई कधी शाळेत गेली नाही. पण साऱ्या पुरस्कार समितीला दिसलं नाही ते तिला दिसलं. कॅमेरा पोरीच्या पायाशी ठेवला की जिद्द दिसते. तोच कॅमेरा उचलून ज्या हापिसात शाळेची फाईल अडली त्या टेबलावर ठेवा, मग गुन्हा दिसेल. आपल्या गरिबीचं कौतुक करणाऱ्या माणसापासून सावध राहायचं. तो आपल्याला टाळ्या देतो आणि साकव तसाच मोडका ठेवतो.

आणि हे मोरोक्कोपुरतं नाही. आमच्या बौद्धवाडीलगतच्या शाळेचा पट आज नऊ आहे. त्यात माझी भाची, दुसरीत. शाळा मिटली तर पुढची शाळा सडा ओलांडून, पऱ्याच्या पलीकडं. जुलैत तो पऱ्या बघायला या एकदा. बंदरावर वीस वर्षं काढलेले गडी त्यात पाय घालत नाहीत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, त्याखालचे नियम आहेत. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. आता हे किलोमीटर मोजायचे कसे? नकाशावर पट्टी ठेवून, की सात वर्षांच्या पोरीचे पाय धरून?

चौथी फिल्म जरा चावरी आहे. ‘स्कूलिंग द वर्ल्ड’, कॅरल ब्लॅक या अमेरिकन बाईची, २०१० सालची, लडाखमध्ये काढलेली. तिचं म्हणणं, गोऱ्यांच्या धर्तीची शाळा जगभर गेली आणि तिनं लोकांच्या भाषा मोडल्या, आजीचं शहाणपण मोडलं, पोरांना आपल्याच घराची लाज वाटायला लावली. यातलं काही खरं आहे, नाकारू नका. मी वर्गात ‘शाला’ म्हटलं की सगळा वर्ग हसायचा, मास्तर सगळ्यात जोरात. घरची बोली दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायची आणि मग आत यायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय.

पण बाई, आम्हाला एक सांगा. शाळा येण्याआधीच्या परंपरेत आमच्या वाट्याला कुठलं ज्ञान होतं? मेलेलं ढोर कसं ओढायचं. गावचा सांगावा घेऊन न थांबता किती कोस धावायचं. कुणाची सावली कुणावर पडू द्यायची नाही. हे आमच्या आज्याचं शहाणपण! ते मोडलं म्हणून आम्ही सुतक पाळायचं? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात शाळा काढली, पुढं महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या. त्यातल्याच मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं १८५५ साली निबंध लिहिला आणि धर्मालाच जाब विचारला. शाळा नसती तर तो जाब पोटातच मेला असता. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या, त्याला शाळेचा वीट परवडतो. आपल्याला नाही. आपण शाळेशी भांडू, पण आत बसून भांडू.

आत बसून, असं म्हणालो. आता या दाराचीच गोष्ट.

अमेरिकेत लिटल रॉक गावी १९५७ साली नऊ काळी पोरं गोऱ्यांच्या हायस्कुलात निघाली. गव्हर्नरनं शिपाई लावून अडवली. शेवटी राष्ट्राध्यक्षाला फौज धाडावी लागली, पोरं संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात गेली. १९६४ साली त्या नऊ जणांवर चार्ल्स गुगेनहाइमनं फिल्म केली, तिला ऑस्कर मिळालं. पण ती अमेरिकन सरकारच्या प्रचारखात्यानं काढलेली, बाहेरच्या देशांना दाखवायला. बघा, आमच्याकडं सगळं कसं सुधारलं! पुढं १९८७ साली ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मोठी मालिका निघाली, तिच्यात त्या वेळच्या बातम्यांच्या जुन्या फिती जोडल्या. त्या फितींत कॅमेरा दारात, रस्त्यावर उभा आहे. एका काळ्या पोरीच्या मागं ओरडत चाललेल्या बाया दिसतात. अडवणाऱ्यांचे चेहरे दिसतात! ते चेहरे आता पुसता येत नाहीत.

आपल्या दारावर कॅमेरा नव्हता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महाराच्या पोराला घेतलं नाही. त्यानं काय केलं? अर्ज केला. आणि आपल्या याच जिल्ह्यात, दापोलीत, १८९० च्या दशकात काय झालं? पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले आपले सुभेदार-हवालदार तिथं राहायचे. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. त्यांनी तिथं अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. या पेन्शनर लोकांनी मागणी लावली, म्युनिसिपालटीच्या शाळेत आमची पोरं घ्या. अर्जावर अर्ज, वरच्या साहेबाकडं, त्याच्या वरच्या साहेबाकडं. आणि इतकं झगडून पोरांना मिळालं काय? व्हरांडा. वर्ग आत, आपली पोरं बाहेर. मास्तरचा आवाज भिंतीवरून येईल तेवढा घ्यायचा.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. लहानपणीचे काही दिवस दापोलीत गेले. पुढं साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, शिपायानं वरून ओतलं तरच पाणी प्यायचे. शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी रोज गोण्या उचलतो. हातात गोणपाट आलं की मला तो वर्ग आठवतोच.

म्हणून मी म्हणतो, आपला पहिला माहितीपट म्हणजे ते अर्ज. कॅमेरा नव्हता तेव्हा आपल्या माणसांनी जे बघितलं ते तारीख घालून, सही करून लिहून ठेवलं. म्हणून आज मी इथं उभा राहून दापोलीचा व्हरांडा तुम्हाला दाखवू शकतो.

व्हरांड्यातून शाळा वेगळी दिसते. आत बसलेल्याला फळा दिसतो. व्हरांड्यातल्याला दिसतं की झाडू कुणाच्या हातात आहे, पाणी कोण भरतं, हजेरीत नाव असून कोण आलेलं नाही. आपल्या देशात असा कॅमेरा ठेवणारी माणसं निघाली. स्टॅलिन के. यांची ‘इंडिया अनटच्ड’, २००७ सालची. चार वर्षं राज्याराज्यांत फिरून अस्पृश्यता टिपली. शाळेची साफसफाई कुणाच्या वाट्याला येते ते तिच्यात बघा. दीपा धनराज यांची ‘वुई हॅव नॉट कम हिअर टू डाय’, २०१८ सालची. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्यासकट पाच पोरांना हॉस्टेलातून काढलं होतं. त्यांनी विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर मुक्काम ठोकला आणि त्या जागेला नाव दिलं ‘वेलिवाडा’. तेलुगूत गावाबाहेरची आपली वस्ती. पीएचडीपर्यंत पोचलेली पोरं, आणि जागा कुठली? पुन्हा व्हरांडा.

आता आपल्याकडं वळतो, कारण दुसऱ्याला शिव्या घालून घरी जाणं सोपं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपण काय टिपतो? मिरवणूक, डीजे, पुढाऱ्याचा वाढदिवस. चौदा एप्रिलला हजारो फोन वर असतात. पंधरा जूनला शाळेच्या दारात एकपण नसतो. आणि आपल्या पोरांकडं दुनियेचा कॅमेरा येतो तो दोनच वेळा. पोर बोर्डात आलं की, नाहीतर पोरानं फास घेतला की. मधली सगळी वर्षं अंधारात.

त्यावर इंग्लंडच्या लोकांनी एक युक्ती केली. १९६४ साली टेलिव्हिजनसाठी ‘सेव्हन अप’ काढली. सात वर्षांची चौदा पोरं, काही बड्या घरची, काही कामगारांची. दर सात वर्षांनी मायकेल ॲप्टेड त्याच माणसांकडं पुन्हा गेला. २०१९ ला ती त्रेसष्टची झाली, २०२१ ला ॲप्टेड वारला. सात वर्षांची श्रीमंत पोरं पहिल्याच फिल्ममध्ये सांगतात, मी या शाळेत जाणार, मग त्या विद्यापीठात. आणि बरीचशी तशीच गेली! त्यात खोटपण आहे. चौदांत मुली चारच, काळ्या बापाचा पोरगा एकच. पण पुन्हा पुन्हा जायचं, हे त्यांचं घेण्यासारखं आहे.

तर माझी मागणी अशी. या जिल्ह्यातल्या वाड्यांवरची पहिली-दुसरीतली चौदा पोरं निवडू या. त्यात निम्म्या पोरी. त्यांच्या आईबापांना सगळं समजावून, त्यांची हो घेऊन. चेहरा दाखवायचा की नाही, हे घर ठरवेल. रडणाऱ्या पोराच्या तोंडाशी फोन न्यायचा नाही. निम्मा वेळ फोन पोरांच्याच हातात द्यायचा, त्यांना काय दिसतं ते बघू. किती चालतात, मधे काय ओलांडतात, कुठं बसतात, कोण झाडतं, मास्तर येतो की नाही, तारखेसकट टिपायचं. दर वर्षी जायचं. पोर शाळेतून गळलं तरी जायचं. गळलं की तर जायचंच.

आणि नुसती फिल्म काढून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण माणसं पालक असतात, त्यात निम्म्या बाया पाहिजेत. तिथं आपल्या आया-बहिणी बसल्या पाहिजेत. शाळा मिटवायचा कागद येईल तेव्हा चादर शाळेच्या भिंतीवर ताणायची, साहेबाला खुर्ची द्यायची आणि पऱ्याची फिल्म दाखवायची. मग म्हणायचं, करा आता सही.

मी पहिलीत होतो तेव्हा आमच्या वाडीतले आम्ही अकरा जण होतो. मॅट्रिकपर्यंत दोघं पोचलो. थर्माकोल धरलेले तेच आम्ही दोघं. तो पुढं शिकायला पाहिजे होता, माझ्यापेक्षा हुशार. आज तो माझ्याच टोळीत आहे. बाकीचे नऊ कुठं गळले, कुठल्या इयत्तेत, कशापायी, याचा एक कागद नाही, एक फोटो नाही. भाचीच्या शाळेचा पटपण नऊच आहे. ते नऊ मोजल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत.

एवढंच. सहाला पाळी आहे माझी. येत्या रविवारी वाडीवर कोण कोण येतंय, नावं द्या.

जयभीम.